कलम सात आणि ठोक्या बेडूक

८ जुलै

वन्सं,

नमस्कार, क्षेमकुशल सगळं गृहीत धरा. मी रागात आहे आणि राग निवायच्या आत हे पत्र टपालात पडायला हवं. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं तुमच्या बंधुराजांच्या कानावर जातं आणि मग ते मला समजावायला बसतात. त्यांनी समजावलं की माझा राग दुप्पट होतो, हे तुम्ही लग्नापासून बघत आलात. तुमच्या ऑफिसची मेल तर अख्खा विभाग वाचतो. म्हणून कागद.

माझा प्रबंध पूर्ण झाला. हो, झाला! शाळेत विज्ञान शिकवता शिकवता, या वयात, मी बेडकांच्या मागे लागले तेव्हा सगळ्या घराने दात काढले होते. त्यात तुमचेही होते, मी विसरलेले नाही. तळ्यांच्या काठी आवाज टिपणारी यंत्रं बांधली, त्यांत इतके आवाज साठले की ऐकायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. म्हणून ते काम एआयला दिलं. कुठल्या तळ्यावर कुठला बेडूक ओरडला, हे ते आवाजावरून सांगतं. रीतसर परवानगी घेऊन दिलं, चोरून नाही. आणि ते जिथे जिथे चुकलं, त्यावर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. माझ्या गाईडबाई वाचून म्हणाल्या होत्या, हेच तुझ्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण.

आता विद्यापीठाने एआयच्या वापराची नियमावली काढली आहे. कलम सात म्हणतं, प्रबंधासोबत एक फॉर्म जोडा. फॉर्मवर दोनच चौकोन. पहिला: 'मी एआयचा वापर केलेला नाही.' दुसरा: 'मी एआयचा वापर केला असून त्यातून मिळालेली सर्व माहिती मी तपासली आहे व ती पूर्णतः अचूक आहे.' एकावर खूण करा, खाली सही करा. फॉर्म नाही, तर प्रबंध घेणार नाहीत.

पहिल्यावर खूण केली तर मी खोटी. दुसऱ्यावर केली तरी खोटी, कारण ते अचूक नाही असं सांगायला मी चाळीस पानं खर्ची घातली आहेत. बाई म्हणतात, "पहिल्यावर खूण कर आणि मोकळी हो. सगळे तेच करतात. ते चुकांचं प्रकरण तेवढं काढून टाक, म्हणजे कुणाला काही कळायचं नाही." ज्यांच्या प्रबंधात स्वतःचं असं फक्त नावच आहे, अशी मंडळी पहिल्यावर खूण करून पेढीवर बसल्यासारखी ऐटीत फिरताहेत. आणि मी वापरलं ते सांगते, तर मलाच काढून टाक म्हणतात!

सप्टेंबरअखेर माझी नोंदणी संपते. मुदतवाढ घेऊन झाली, पुन्हा मिळत नाही. तुम्ही परीक्षा विभागात आहात, तुमच्याकडेही अशी नियमावली असेल. कुठला दीडशहाणा असली वाक्यं लिहितो, एवढं मला सांगा.

तुमची,
वहिनी


१७ जुलै

वहिनी,

तो दीडशहाणा मी आहे.

आधी पाणी पी, मग पुढचं वाच. नियमावली आमच्या समितीने केली आणि कलम सातमधलं ते वाक्य माझ्या हातचं आहे. तुमच्या विद्यापीठाने ती जशीच्या तशी उचलली. माझ्या परवानगीने उचलली असती तर अभिमान वाटला असता. फक्त वरचं नाव बदललं. खालचा आमच्या विभागाचा फोन नंबर बदलायचासुद्धा कंटाळा केला. तुमच्याकडची पोरं आता आमच्याकडे फोन करून विचारतात, "मॅडम, चौकोनात बरोबरची खूण करायची की फुली?" मी कामं सोडून हे सांगत बसते. कळवलं, दोनदा कळवलं, कुणी ढिम्म हललं नाही.

आता माझं ऐक. ते वाक्य मी हौसेने लिहिलेलं नाही. आमच्याकडे एका मुलाने प्रबंध दिला. संदर्भांची यादी बघून परीक्षक खूश. आमच्या ग्रंथपालांनी सहज एक पुस्तक शोधलं, मिळेना. दुसरं शोधलं, मिळेना. अर्धी यादी एआयने मनाने रचलेली! मुलाला बोलावलं तर तो शांतपणे म्हणाला, "मी काय करू, मला यंत्राने दिलं." वहिनी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझं नाव वर, पदवी तुला, आणि चूक मात्र यंत्राची? म्हणून मी समितीत भांडून 'पूर्णतः अचूक' घालून घेतलं. सही केलीस ना, मग पुढचं तुझ्या गळ्यात. यात काय वाईट आहे?

तुला सोपं सांगते. एआयने जे चुकीचं सांगितलं ते तू शोधलंस, दुरुस्त केलंस. मग उरलं ते अचूकच आहे की. चुकांचं प्रकरण काढ, दुसऱ्या चौकोनावर खूण कर, खरेपणाने सही कर. पहिल्यावर मात्र करू नकोस. तुझ्या बाईंनी तुला असं सांगावं, याची मला त्यांच्या वतीने लाज वाटली.

तू शहाणी आहेस, पण हट्टाला पेटलीस की दादासुद्धा हात टेकतो. या वेळी पेटू नकोस. पदवी हातात येऊ दे, मग हवं तर माझ्याशी जन्मभर भांड.

तुझी,
वन्सं (दीडशहाणी)


२६ जुलै

वन्सं,

पाणी प्यायले. राग गेला नाही, पण त्याला आता पत्ता मिळाला.

तुमचा तो संदर्भ रचणारा मुलगा मला मान्य आहे. त्याला धरलंत, बरं केलंत. पण त्याला धरायला विणलेल्या जाळ्यात तो सापडणारच नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? तो पहिल्या चौकोनावर खूण करून निसटेल. तुमच्या जाळ्यात सापडते ती फक्त खरं बोलणारी बाई.

आणि 'उरलं ते अचूक' कसं म्हणू? मला सापडल्या त्या चुका मी दुरुस्त केल्या. ज्या सापडल्याच नाहीत, त्यांच्यावर सही कशी करू?

तुम्हाला ठोक्याची गोष्ट सांगते. ठोक्या हे मी ठेवलेलं नाव. अंगठ्याएवढा बेडूक, आवाज मात्र चमच्याने लाकडी पाटावर ठोकल्यासारखा. एआयने सांगितलं की शहराच्या टोकाच्या जुन्या खाणीतल्या तळ्यावर ठोक्यांची नुसती रेलचेल आहे. मी तिथे संध्याकाळी जाऊन बसायची. आवाज यायचा, पलीकडच्या भिंतीवरून पाण्यावर घुमून यायचा. ठोक्या मात्र एकही दिसायचा नाही. मला वाटलं, लाजरे आहेत. मग एका आठवड्यात एआयने कळवलं की खाणीतले सगळेच्या सगळे ठोक्या गप्प झाले. मला वाटलं, पाण्यात कुणी काही कालवलं की काय! धावत गेले. भिंतीपलीकडे पाणीपुरवठ्याचा पंप उघडून ठेवलेला, दुरुस्ती चालू. पंप जोडला त्या संध्याकाळी माझे सगळे बेडूक कामावर हजर.

म्हणजे खाणीत एकही ठोक्या नव्हता. ठोकत होता पंप. खरे ठोक्या आहेत ते गिरणीमागच्या तळ्यात, मोजके, आणि तिथल्या गोंगाटात एआयला ते ऐकूच येत नाहीत. त्याच्या हिशेबी ते तळं मुकं आहे. आता पुढचं ऐका. शहरातलं कुठलं तळं राखायचं आणि कुठलं बुजवायचं, हे ठरवायला पालिका हेच एआय वापरणार आहे. मी ते प्रकरण काढलं आणि 'पूर्णतः अचूक' खाली सही केली, तर ते माझा प्रबंध पुढे करतील आणि गिरणीमागे मातीचे डंपर येतील. पंप राखतील आणि बेडूक गाडतील, वन्सं. माझ्या सहीने.

सोबत पेनड्राइव्ह आहे. दोन आवाज आहेत, पहिला आणि दुसरा. एक ठोक्या, एक पंप. ऐका आणि सांगा, बेडूक कुठला. तुम्ही पूर्णतः अचूक आहात, तुम्हाला काय अवघड.

तुमची,
वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

दुसरा.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तुझा टोमणा फार झोंबला. म्हणून सविस्तर. तुझा पेनड्राइव्ह मी जेवणाच्या सुट्टीत विभागात लावला. पहिला आवाज कोरडा, एकसुरी, सरळ कळतं की लोखंडाचं काहीतरी आहे. दुसऱ्यात जीव आहे. मध्येच थांबतो, दम घेतो, पुन्हा सुरू होतो. आमचे टंकलेखक तर म्हणाले, "मॅडम, हा नर मादीला बोलावतोय." सगळ्या विभागाने एकमुखाने दुसरा म्हटलं. शिपाईमामांनी डोळे मिटून ऐकलं, तेही दुसराच म्हणाले. आमचे साहेब आत येऊन ऐकून गेले. साहेब सहसा कशावरच मत देत नाहीत, त्यांनी दिलं.

तेव्हा तुझं एआय जिथे फसलं, तिथे आमचा साधा माणसाचा कान फसला नाही. म्हणजे माझंच खरं झालं. माणसाने नीट तपासलं की अचूक सांगता येतं, आणि सांगता येतं तर सही करता येते.

गिरणीमागच्या तळ्याचं वाचून मात्र मला बरं वाटलं नाही. ती गोष्ट वेगळी, तिच्यासाठी पालिकेला वेगळं पत्र लिही. प्रबंधात कशाला अडकवतेस? हट्ट सोड गं. दादाचा फोन आला होता, म्हणाला, ही हल्ली जेवताना टेबलावर बोटांनी ठोकत बसते.

तुझी,
वन्सं


११ ऑगस्ट

वन्सं,

दुसरा पंप आहे.

मध्येच थांबतो कारण त्याची झडप अडकते. दम घेतो कारण पाणी कमी येतं. मादीला वगैरे कुणी बोलावत नाहीये, तुमच्या टंकलेखकांना सांगा. पहिला, तो लोखंडी आणि एकसुरी, तो ठोक्या. बेडूक तसेच असतात, त्यांना आपल्याला खूश करायचं नसतं.

मी तुमची फजिती करायला पेनड्राइव्ह पाठवला नव्हता. जरा पाठवला होता. पण खरं सांगू, तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग स्वतःच ओशाळले. कारण खाणीच्या काठी बसून मीही तेच ऐकलं होतं आणि मलाही त्यात जीवच वाटला होता. तुम्ही सगळ्यांनी मन लावून ऐकलंत. तपासलंत. त्या क्षणी तुमच्यासमोर कलम सात ठेवलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी खरेपणाने सही केली असती. साहेबांसकट.

आता सांगा, मी कुठल्या तोंडाने 'पूर्णतः' म्हणू?

वहिनी


१ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र नाही. दोनदा फोन केला, तुम्ही कामात आहात म्हणे. अबोला धरला आहात, कळतंय मला. अख्ख्या विभागासमोर तुम्हाला तोंडघशी पाडलं, ते झोंबलं असेल. त्याबद्दल वाईट वाटतं, आणि हे मनापासून लिहिते. पंप मात्र पंपच आहे.

काल बाईंनी बोलावलं होतं. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तू तुझं बघशील, पण माझ्याकडे अजून मुलं आहेत. चौकशी लागली तर सगळ्यांचे प्रबंध उघडतील." मग मला कळलं, त्या घाबरतात कशाला. मी म्हटलं, "बाई, तुम्हीच मला शिकवलंत की दिसलं ते लिहायचं." प्रबंधावर सही मात्र केली त्यांनी, माझ्याकडे न बघता.

घरी तुमच्या बंधूंनीही समजावून पाहिलं. म्हणाले, एका खुणेसाठी एवढ्या वर्षांवर पाणी सोडणार? मी म्हटलं, सोडणार. ते म्हणाले, "मग निदान मला एकदा तो ठोक्या दाखव." रविवारी मी त्यांना गिरणीमागे घेऊन गेले. चपला चिखलात रुतवून उभे होते, आणि ठोक्या ओरडला तेव्हा लहान मुलासारखे माझ्याकडे बघून हसले. वन्सं, पदवी मिळाली नाही तरी हे माझं झालं.

मी तो फॉर्म भरणार नाही. दोन्ही चौकोन कोरे ठेवून प्रबंध नेणार आहे. नाही घेतला तर नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून लिहिलं.

वहिनी


१० सप्टेंबर

वहिनी,

अबोला कसला मांडतेस माझ्या नावावर! मी समितीशी भांडत होते. भांडण तडीला जाईपर्यंत तुला लिहायचं नाही, असं ठरवलं होतं, कारण हरले असते तर तुला काय सांगितलं असतं?

तुझं 'दुसरा पंप आहे' वाचून मी पहिले दोन दिवस तुझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी कलम सात काढून वाचलं आणि स्वतःवर चिडले. मग बैठक मागितली. अध्यक्ष म्हणाले, नियम होऊन वर्षही झालं नाही, एवढ्यात कशाला चिवडता. मी पेनड्राइव्ह लावला. दोन्ही आवाज ऐकवले आणि म्हटलं, मत द्या. सगळे शिकलेसवरलेले, सगळ्यांनी दुसरा सांगितला. अध्यक्षांनी तर पंपाच्या आवाजातली व्याकुळता आम्हाला समजावून सांगितली! मी प्रत्येकापुढे कलम सातचा फॉर्म सरकवला आणि म्हटलं, "आता सही करा. हा बेडूक असल्याची माहिती पूर्णतः अचूक आहे." पेन उघडलेसुद्धा दोघांनी. मग सांगितलं.

उघडलेली पेनं कशी भराभर मिटली, ते बघायला तू हवी होतीस. एक सदस्य म्हणाले, हा पोरखेळ आहे. मी म्हटलं, असेल, पण पोरांना आपण याच्यावर पदव्या देतोय आणि काढून घेतोय. ते म्हणाले, मग काय कुणाला जबाबदारच धरायचं नाही? मी म्हटलं, धरायचं, माझ्याइतकं ते कुणालाच हवं नसेल. पण जबाबदार तो, जो चूक उघड करतो. दोन बैठका लागल्या. मतं पडली. थोडक्यात निभावलं.

नवा फॉर्म सोबत पाठवते. चौकोन दोन्ही उडाले. आता लिहिलंय: 'मी एआयचा वापर कशासाठी केला, ते कसं तपासलं, आणि ते कुठे चुकलेलं आढळलं, हे खाली लिहीत आहे.' खाली कोऱ्या ओळी, हव्या तेवढ्या पुरवण्या. काही न वापरणाऱ्यालाही आपण काय काय केलं, ते लिहून द्यावंच लागेल. त्या संदर्भवाल्याला आता घाम फुटेल.

पण वहिनी, हा आमचा नमुना. तुमच्याकडे तो पुढच्या वर्षी पोचेल, कुणी उचलला तर. तुझ्या सप्टेंबरला त्याचा उपयोग नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. मी तुमच्या परीक्षा विभागाला पत्र टाकलंय, पण त्यांनी नंबरसुद्धा बदलला नाही, ते काय उत्तर देणार. हा कागद तुझ्याकडे असावा म्हणून पाठवते. तुझा आहे तो. कोरे चौकोन घेऊन जाणार आहेस, जा. मी तुला आता सही कर म्हणणार नाही.

तुझी,
वन्सं


२९ सप्टेंबर

वन्सं,

काल दुपारी फोनवर तुम्ही ज्या गृहस्थांना खडसावलंत, त्यांच्यासमोर मी उभी होते.

पहिल्यापासून सांगते. कोरे चौकोन घेऊन निघाले होते, पण सकाळी तुमचा फॉर्म पुन्हा वाचला आणि म्हटलं, हा प्रश्न मला कुणी तरी विचारलाय, मग उत्तर का देऊ नये? वरचं तुमच्या विद्यापीठाचं नाव पेनाने खोडलं, आमचं लिहिलं. झाकून नाही, ठळक खोडलं, शेजारी सही केली. ओळी भरल्या, पुरवण्या लावल्या.

खिडकीवर चष्मेवाले गृहस्थ. पानं उलटली आणि म्हणाले, "हा आमचा फॉर्म नाही."

मी म्हटलं, "तुमचा जो आहे, तोही त्यांचाच. तुम्ही वरचं नाव बदललंत. मीही तेवढंच केलं."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. गृहस्थ लाल झाले. "विहित नमुना हाच," म्हणत त्यांनी जुना फॉर्म माझ्यापुढे आपटला. मी त्याच्या तळाशी बोट ठेवलं. "शंका असल्यास या नंबरवर विचारा, असं तुम्हीच छापलंय. मला शंका आहे. विचारा."

वन्सं, ते खरंच फोन लावतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी लावला! आणि तुमचा आवाज खिडकीच्या या बाजूला स्वच्छ ऐकू आला. "कोण बोलतंय? अहो, तो नमुना आम्ही रद्द केला. चुकीचा होता म्हणून रद्द केला. तुम्ही अजून तोच वाटताय? मी तुम्हाला पत्र लिहिलंय, उघडलंत का? आणि आमचा नंबर काढा आधी तिथून!" मग फोन आपटल्याचा आवाज. मी ओठ चावून उभी. तुम्ही माझी नणंद आहात, हे तिथे कुणालाही सांगितलं नाही.

ते आत गेले. आतून एक अधिकारी आले, हातात तुमचं पत्र, पाकीट आत्ताच फाडलेलं. उभ्याउभ्या त्यांनी माझी पुरवणी वाचली. म्हणाले, "एवढ्या चुका स्वतःहून कोण लिहून देतं?" मी म्हटलं, "मी. आणि हे काढायला सांगितलंत तर प्रबंध परत नेईन." मग त्यांनी शिक्का उचलला. पोच मिळाली आहे. वर 'निर्णयाधीन' लिहिलंय, म्हणजे अजून काहीही होऊ शकतं. नाकारलं तर कारण लेखी मागेन, आणि ते घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर उभी राहीन. माझ्या मागे रांगेत होती त्या मुलीने जाताना विचारलं, "तो फॉर्म मला मिळेल का?" मी जवळची कोरी झेरॉक्स तिला दिली. आज बाईंचा निरोप आला, त्यांनाही हवा आहे.

पुरवणीची शेवटची ओळ तुम्हाला कळायलाच हवी, कारण ती आता सरकारदरबारी गेली. लिहिलंय: 'याखेरीज मला न सापडलेल्या चुका या प्रबंधात असतील. ज्याला सापडतील त्याने कळवाव्यात.' आणि त्याच्या वर: 'पंपाचा हा आवाज माणसांनीही बेडकाचा ठरवला. त्यांत मी स्वतः आणि एका विद्यापीठाचा संपूर्ण परीक्षा विभाग आहे.'

नाव घातलेलं नाही, वन्सं. खाली तुमचा फोन नंबर दिला आहे.

तुमची,
वहिनी